तळहाताचा रंग

ताईचा हात कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होता. वर जुने स्वेटर, त्याखाली वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्राखाली तो हात. उजवा, मनगटाच्या चार बोटं वरपासून पुढचा, गुलाबी. ताईकडे गेलं की धाकट्याची नजर आधी त्या खणाकडे जायची आणि मग तो उगाच हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचा. सात वर्षं हे चाललं होतं. कारण तो हात त्यानेच केला होता. तो गुलाबीच का झाला हे त्याच्याशिवाय आणखी एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला ते आता आठवतही नसेल.

धाकटा म्हणजे पोरगा नव्हे. पन्नाशी गाठलेला, चष्मा लागलेला, दोन मुलींचा बाप. पण ताईपेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणून ताईचा धाकटा, आणि ताईमुळे अख्ख्या वस्तीचा धाकटा. चार वर्षांचं पोरसुद्धा त्याला धाकटेकाका म्हणायचं.

तो कृत्रिम हात करणाऱ्या कारखान्यात होता. तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर मान वाकवता येणारा दिवा. हाताचा आतला सांगाडा खालच्या मजल्यावर बनायचा. वर त्याच्यावर चढवायचा सिलिकॉनचा मोजा तयार व्हायचा, थेट कातडीसारखा. त्या मोज्यावर नखं बसवणं, शिरा रंगवणं, पेरांवर सुरकुत्या काढणं हे धाकट्याचं काम. बावीस वर्षं तेच. त्याचे स्वतःचे हात लहानखुरे, बायकी म्हणा ना, त्यामुळे बारीक कुंचल्याने तो असं नख काढायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता हे कापायला झालंय. रंगाचे नमुने तीन. एक नंबर फिकट, दोन नंबर गुलाबी, तीन नंबर जरा जास्त गुलाबी. चौथा नव्हता. करणाऱ्याच्या कातडीचा रंग त्या डब्यांत कुठेच नव्हता, आणि यात काही विचित्र आहे असं त्या खोलीत कुणाला कधी वाटलं नाही. धाकट्यालाही नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आपल्या माणसांपैकी तिथे तो एकटाच. बाकी सगळे गोरे. माणसं वाईट होती असं नाही, खोटं कशाला बोला. चहा एकत्र प्यायचे, मुलींची चौकशी करायचे. एकदा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस." धाकटा ते वाक्य जपून घरी घेऊन आला आणि परीक्षेत पहिला आल्यासारखं बायकोला सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "मग कुणातला वाटतोस?" याला बायकोचाच राग आला.

मग ताईचा अपघात झाला. ती मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती, चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळावर. चादरीची कड अडकली, ती सोडवायला हात पुढे गेला आणि गेला तो गेलाच. चार महिन्यांनी जखम भरल्यावर कृत्रिम हातासाठी तिचं नाव धाकट्याच्याच कारखान्यात आलं. घरात सगळ्यांना केवढा धीर वाटला. आपला माणूस आहे तिथे, काळजी नाही.

कारखान्यात एक फॉर्म होता. 'विशेष रंगाची मागणी.' कपाटात वरच्या फळीवर गठ्ठा पडून होता, धूळ खात. धाकट्याने त्यातला एक काढला, ताईचं नाव घातलं, रंगाच्या रकान्यात 'संबंधित व्यक्तीच्या त्वचेनुसार' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी साहेबाच्या खोलीत गेला. साहेबाकडे दोन पाहुणे बसले होते. साहेबाने फॉर्म वाचला, पाहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, तुमच्या लोकांना गोरा हात मिळतोय. लोक यासाठी काय काय करतात. आणि तू तक्रार घेऊन आलास?" पाहुणे हसले. साहेब हसला.

आणि धाकटा हसला.

नुसता ओठ हलवून नव्हे, चांगला मोठ्याने हसला. मग फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि टेबलावर येऊन तीन नंबरचा डबा उघडला. साहेबाने नाही म्हटलंच नव्हतं. नीट बघितलं तर साहेबाने फक्त विनोद केला होता. नाही ते धाकट्याने स्वतःच स्वतःला म्हटलं.

हात बसवायच्या दिवशी ताईने तो डाव्या हाताशेजारी ठेवून बघितला. "एवढाच रंग येतो का रे?"

"एवढाच येतो," धाकटा म्हणाला.

ताईने तो तीन महिने वापरला. वर लांब बाह्या, भर उन्हाळ्यात हातमोजा. एकदा दुकानात सामान उचलताना हातमोजा निघाला. रांगेतल्या एका गोऱ्या गृहस्थाने आधी हाताकडे आणि मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "चला, एवढा तरी तुकडा बरा निघाला." हळू बोलायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. ताई घरी आली, हात काढला आणि खालच्या खणात ठेवला. ही हकीकत तिने धाकट्याला चहा ओतता ओतता सांगितली, डाव्या हाताने. धाकट्याने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "माणसं अशीच असतात." ताई म्हणाली, "हो ना."

पण ताई हातावर हात धरून बसणारी नव्हती, आणि आता तर एकच हात होता. ती डाव्या हाताने लिहायला शिकली. आधी अक्षर कोंबडीच्या पायासारखं, मग वाचता येण्यासारखं, मग चक्क सुंदर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी राहिलेली परीक्षा दिली. आणि वस्तीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर, चाळीस खुर्च्या, पूर्वेला मोठी खिडकी आणि एक फळा. वर्गाचा नियम ताईने पहिल्याच दिवशी सांगितला होता. "ते आपल्याला काय म्हणाले हे इथे लिहायचं नाही. ते सगळ्यांना पाठ आहे. आपल्याला काय येत नाही ते लिहायचं. ज्याला येतं त्याने शिकवायचं, आणि आलं की पुसायचं."

फळ्यावर यादी व्हायची. सरकारी पत्र वाचणं. गाडीच्या परवान्याची परीक्षा. मुलाखतीत न घाबरता बोलणं. घरमालकाला लेखी उत्तर देणं. एकेक ओळ पुसली जायची तेव्हा ताई टाळी वाजवू शकत नसे, म्हणून टेबलावर थाप मारायची. बघता बघता वस्तीतल्या सहा बायका नर्सिंगला लागल्या, दोघांनी दुकानं काढली, आणि घरमालकाने भिंतींची ओल दुरुस्त केली. धाकटा रविवारी यायचा, खुर्च्या मांडायचा, मागे बसायचा. शिकवायला कधी उभा राहिला नाही. ताईनेही कधी आग्रह केला नाही, आणि हेच त्याला जास्त टोचायचं.

एका रविवारी ब्रेककाका उठले. हे निवृत्त बसड्रायव्हर. नुसते खुर्चीवर बसले तरी मधूनच उजवा पाय खाली दाबायचे, म्हणून हे नाव. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता, आणि अर्थातच गुलाबी. त्यांनी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपल्या रंगाचे हातपाय.'

"हे आपल्यापैकी कुणाला येतं?" ताईने विचारलं.

चाळीस माना मागे वळल्या. धाकट्याला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत गेलो तर बरं.

"कारखान्यात तसला रंग..." त्याने सुरुवात केली, आणि ताईच्या उजव्या बाहीची पिनेने टाचलेली घडी समोर दिसली. वाक्य तसंच राहिलं. "करून बघतो," तो म्हणाला.

आणि कामाला लागला, ते मात्र मनापासून. मदतीला वस्तीतलीच पार्लरवाली आली. नवरदेवांना आणि नवऱ्या मुलींना रंगवून रंगवून तिची नजर अशी तयार झाली होती की चेहरा बघून सांगायची, यात पिवळा जास्त आहे, यात तांबडा. धाकटा कारखान्यात बावीस वर्षं डब्यावरचे नंबर वाचून रंग घेत आला होता. मिसळायचं कसं हे त्याला या बाईने शिकवलं, आणि शिकवताना जीभ आवरली नाही. "काका, तुमची नजर झोपलीय हो," असं तोंडावर म्हणायची. लोक खिडकीपाशी रांग लावून बाह्या वर करायचे आणि टेबलावर हात ठेवायचे. प्रत्येकाच्या कातडीशी जुळणारी सिलिकॉनची छोटी चकती व्हायची. मागे नाव. एक्केचाळीस चकत्या झाल्या, एकीसारखी दुसरी नाही. आपण सगळे एकाच रंगाचे आहोत असं बाहेरच्यांसारखंच धाकट्यालाही वाटत आलं होतं. दोन बहिणींच्या चकत्या शेजारी ठेवल्या तेव्हा तो कितीतरी वेळ बघतच राहिला.

दोन महिन्यांनी त्याने पहिला हात केला. कुणाला न सांगता, ताईचा. जुन्या साच्यातून मोजा काढला आणि ताईच्या चकतीवरून रंग मिसळला. शिरा, सुरकुत्या, अंगठ्याच्या नखावरची लहानपणापासूनची बारीक रेघ, सगळं आठवून आठवून केलं. रविवारी टेबलावर रुमाल उलगडला आणि हात पालथा ठेवला.

पार्लरवाली म्हणाली, "अगदी तोच रंग." ब्रेककाकांनी डोळे पुसले. धाकट्याच्या छातीवरचा सात वर्षांचा दगड हलल्यासारखा झाला. त्याला वाटलं, झालं, फिटलं. काही बोलायची गरजच उरली नाही.

ताईने हात उचलला आणि उलटा केला.

तळहात तसाच गडद होता. मागे जेवढा, पुढे तेवढाच. जणू कुणी ब्रशने दोन्ही बाजूंनी सारखा रंगवला होता, आणि तसंच तर झालं होतं.

ताईने आपला डावा हात त्याच्याशेजारी उघडा ठेवला. फिकट तळहात, त्यावर गडद रेषा. मग ब्रेककाकांनी आपला ठेवला, पार्लरवालीने ठेवला, मागच्या रांगेतली माणसं उठून आली. टेबलभर उघडे तळहात झाले, सगळे फिकट. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. हसणं वाईट नव्हतं, घरातलं होतं. पार्लरवाली तर वाकून वाकून हसत होती. "काका, आम्ही काय कढईत तळून काढलोय का, दोन्हीकडून सारखे?"

धाकटाही हसला असता. पण त्याची नजर आपल्याच तळहातावर गेली. कुंचला धरून बावीस वर्षं जो डोळ्यांसमोर होता तो तळहात. गोऱ्यांच्या हातात मागचा-पुढचा फरक थोडा, म्हणून कारखान्यात दोन्हीकडे एकच डबा. तेच त्याने इथे केलं. डबा बदलला, पण हात त्यांचाच केला. गोऱ्यांचे हजारो हात बारकाईने बघितलेल्या माणसाने आपला एकदाही बघितला नव्हता.

वर्ग सुटला. माणसं पांगली. ताई फळा पुसत होती आणि तो खुर्च्या रचत होता. सहावी खुर्ची हातात असताना तो बोलायला लागला, खुर्ची खाली न ठेवताच.

"ताई, रंग येत होता."

"काय?"

"सात वर्षांपूर्वी. फॉर्म होता. मी भरला, साहेबाकडे नेला. त्याने तुझ्या हातावरून विनोद केला. पाहुणे हसले." त्याने खुर्चीची पकड बदलली. "मीपण हसलो. आणि फॉर्म खिशात घालून परत आलो. त्याने नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं."

ताईने काय विनोद ते विचारलं. त्याने सांगितला. एवढ्या वर्षांनीही शब्दन् शब्द पाठ होता.

"ते हसले ते समजलं," ताई म्हणाली. "तू का हसलास?"

"सवयीने."

ताई खुर्चीवर बसली. "मला वाटायचं, आपल्यासाठी रंगच केला नाही कुणी. सात वर्षं मी सगळ्या जगावर रागावले. दुकानातल्या त्या माणसावर, कारखान्यावर. फक्त तुझ्यावर रागवायचं राहून गेलं."

"आता रागाव," तो म्हणाला.

"ते तुझ्या परवानगीने नाही करणार." तिने डस्टर ठेवला. "फॉर्म अजून आहेत?"

"गठ्ठा आहे."

"घेऊन ये."

पुढच्या रविवारी फॉर्मची मागची बाजू वर्गात मोठ्याने वाचली गेली. बारीक अक्षरातली, जी धाकट्याने कधी वाचलीच नव्हती. मागणीला तीस दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक आहे, नकार असल्यास कारणासह. ताईने ते वाक्य फळ्यावर उतरवलं आणि सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं. वस्तीत कृत्रिम हातपाय असलेली नऊ माणसं निघाली. आठ फॉर्म भरले गेले, प्रत्येकाला दोन चकत्या टाचलेल्या, एक मागच्या बाजूची आणि एक तळव्याची.

"आणि तुझा?" धाकट्याने विचारलं.

"माझा शेवटी. आधी या आठजणांना सांग, त्यांना उशीर का झाला. प्रत्येकाला वेगळं, त्यांच्या घरी जाऊन."

तो गेला. आठ घरं, आठ वेळा तीच गोष्ट, आणि दर वेळी 'मी हसलो' इथे येऊन अडखळणं. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. ब्रेककाकांचा उजवा पाय जमिनीत दाबला गेला आणि बराच वेळ तसाच राहिला.

सोमवारी तो आठ फॉर्म घेऊन साहेबाच्या खोलीत उभा राहिला. साहेब तोच, केस तेवढे पिकलेले. चकत्या बोटाने चाळत म्हणाला, "हे काय, रंगाचं दुकान काढतोस का? एवढे काळे तर माझे बूटही नाहीत."

खोलीत एक मदतनीस होता, तो हसला. धाकट्याच्या गालाचे स्नायू सवयीने हलले. त्याला ते जाणवलं, आणि त्याने ते जागच्या जागी धरले. तो उभा राहिला. विनोद टेबलावर पडून राहिला आणि कुणी उचलेना, तसा साहेब कागदांशी चाळा करायला लागला.

"हे रंग मिसळणार कोण?"

"मी."

"तुला कुठे येतं?"

"आमच्या लोकांनी शिकवलं. उत्तर लेखी लागेल साहेब, तीस दिवसांत. नाही म्हणायचं असेल तर कारणासह."

साहेबाने फॉर्म उलटा केला आणि बारीक अक्षरं वाचली, बहुतेक तोही पहिल्यांदाच. त्या दिवशी त्याने सही केली नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी केली, आठही फॉर्मांवर. धाकट्याला 'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' असं कारखान्यात पुन्हा कुणी म्हटलं नाही. चहाला बोलावणंही कमी झालं. पूर्वी त्याचा जीव कासावीस झाला असता. आताही थोडा झालाच, उगाच मोठेपणा कशाला सांगा.

ब्रेककाकांचा पाय झाला, मग इतरांचे झाले. फळ्यावरची ओळ अर्धी पुसली गेली. शेवटी एका रविवारी ताईने फॉर्म भरला, डाव्या हाताने, सुंदर अक्षरात.

जुना साचा तिला नको होता; तो कुणा परक्या बाईच्या हाताचा होता. नवीन साच्यासाठी जवळच्या नात्यातल्या कुणाचा तरी उजवा हात लागतो. धाकट्याने मनात कधीचंच ठरवलं होतं. सभागृहातल्या टेबलावर त्याने भांडं मांडलं, साच्याची पावडर पाण्यात कालवली, बाही वर केली आणि हात साबणाने स्वच्छ धुऊन आला. नखंसुद्धा कापली होती.

"तुझा नको," ताई म्हणाली.

त्याला वाटलं, मापाची शंका असेल. "अगं, आपले हात सारखेच आहेत. आई म्हणायची ना, दोघांचे हात एका साच्यातले. मी मोजून बघितलंय."

"ठाऊक आहे सारखे आहेत." ताईचा आवाज चढला नव्हता. "पण याच हाताने फॉर्मची घडी घातलीस. मला हात हवाय, धाकट्या. रोज सकाळी चढवायचाय. तुझी माफी नाही मी रोज चढवणार."

तिने लेकीला हाक मारली. भाची आली, मामाकडे न बघता बाही वर केली आणि भांड्यात हात बुडवला. मिश्रण हळूहळू घट्ट होत गेलं. धाकट्याने आपला धुतलेला हात पुसला. कशाला पुसला कोण जाणे, तो केव्हाच वाळला होता.

तीन आठवड्यांनी मोजा तयार झाला, फक्त तळहात रंगवायचा उरला. ताई खिडकीपाशी येऊन बसली आणि डावा हात त्याच्यासमोर उघडा ठेवला. त्याने चष्मा पुसला, कुंचला घेतला आणि सवयीने डब्याकडे वळला.

"डब्यात काय बघतोस?" ताई म्हणाली. "इथे बघ."

त्याने बघितलं. मधोमध फिकट, कडेला पिवळसर, अंगठ्याखाली थोडा तांबूस, रेषांमध्ये गडद. लॉन्ड्रीतला जुना चट्टा. खडूची पांढरी भुकटी. डोळे भरून आले तसं सगळं पुसट झालं आणि त्याला कुंचला खाली ठेवावा लागला.

ताईने हात मागे घेतला नाही. "रडून घे आणि मग नीट बघ," ती म्हणाली. "मी बसलेय."